अकरा नातेवाईकांचा सिद्धान्त

फुरुकावा ताकेजी तोक्योच्या स्त्रियांच्या उच्च अध्यापक विद्यालयात शिकवत. आज ती संस्था ओचानोमिझु विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. मुलींच्या प्रवेशपरीक्षांशी त्यांचा संबंध येई आणि त्या परीक्षांनी त्यांचे समाधान होत नसे. मुलगी काय शिकून आली आहे ते उत्तरपत्रिकेतून कळते. ती धीराची आहे की बुजरी, पुढाकार घेणारी आहे की सांगितले तेवढेच करणारी, ते कळत नाही. स्वभाव ओळखण्याचे एखादे खात्रीचे साधन हाती आले तर निवड अधिक न्याय्य होईल, अशी त्यांची धारणा होती. ते साधन रक्तात आहे असे त्यांना वाटू लागले. घरच्या आणि नात्यातल्या अकरा जणांचे रक्तगट त्यांनी पाहिले, त्यांच्या स्वभावांशी ताडून पाहिले, आणि त्यात जे दिसले त्याच्या बळावर पुढे शेकडो लोकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. १९२७ साली ‘शिनरिगाकु केनक्यू’ या मानसशास्त्राच्या नियतकालिकात त्यांचा लेख छापून आला. ओ आणि बी गटाची माणसे क्रियाशील, ए गटाची सोशिक आणि मागे राहणारी, असा त्या लेखाचा गाभा होता.

रक्तगट आणि स्वभाव यांची जी सांगड आज जपानमध्ये घरोघर घातली जाते, तिचा माग काढत गेले की आपण या लेखापाशी पोहोचतो. पण ही कल्पना फुरुकावांना एकट्याला, अचानक सुचलेली नव्हती. तिची मुळे युरोपात होती आणि एक मूळ तर थेट हिंदुस्थानी शिपायांच्या रक्तापर्यंत गेलेले होते.

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये व्हिएन्नात २२ जणांचे रक्त एकमेकांत मिसळून पाहिले. कुणाचा रक्तद्रव कुणाच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतो याची त्यांनी नोंद ठेवली आणि माणसांच्या रक्ताचे तीन प्रकार असल्याचे दाखवून दिले. पुढच्याच वर्षी चौथा प्रकार सापडला. या शोधासाठी लँडस्टायनर यांना १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. रुग्णाला दुसऱ्याचे रक्त देणे सुरक्षित झाले ते या शोधामुळे. १९१० मध्ये हायडेलबर्ग येथे एमिल फॉन डुंगर्न आणि लुडविक हिर्शफेल्ड यांनी सिद्ध केले की रक्तगट आईबापांकडून मुलांकडे येतो आणि जन्मभर बदलत नाही. ए, बी, एबी, ओ ही नावे रूढ झाली ती त्यांच्या कामातून. आनुवंशिक आहे, न बदलणारे आहे आणि एका थेंबात कळते, अशी खूण माणसाच्या शरीरात पहिल्यांदाच सापडली होती. त्या काळी युरोपात कवट्या मोजून वंश ठरवणारे पंडित मोठ्या मानाने वावरत होते. त्यांच्या हाती ही खूण पडल्यावर पुढे काय होणार हे उघड होते.

पहिल्या महायुद्धात हिर्शफेल्ड आणि त्यांची पत्नी हान्ना, दोघेही डॉक्टर, सर्बियन सैन्याबरोबर सालोनिका येथे होते. ग्रीसमधल्या त्या बंदरात दोस्तराष्ट्रांच्या फौजांचा तळ होता. इंग्रज, फ्रेंच, इटालियन, रशियन, सर्ब, ग्रीक, सेनेगाली, मादागास्करचे, अनामचे आणि हिंदुस्थानातले शिपाई असे सारे जग तिथे एकत्र आले होते. युद्धाने घडवलेला हा योगायोग या दांपत्याने अचूक हेरला. सोळा लोकसमूहांतल्या सुमारे ८,००० माणसांचे रक्त त्यांनी तपासले. त्यांत हिंदुस्थानी शिपाई १,००० होते. शिपायांना रक्त द्यायला राजी करणे हे वेगळेच काम होते. इंग्रजाला शास्त्रासाठी हवे आहे म्हटले की पुरे होई. इतरांना त्यांच्या त्यांच्या कलाने समजवावे लागे, असे हिर्शफेल्ड यांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवले आहे.

१९१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या लेखातले आकडे खरोखर विचार करायला लावणारे होते. इंग्रज शिपायांत ए गटाचे ४३ टक्के आणि बी गटाचे जेमतेम ७ टक्के. हिंदुस्थानी शिपायांत बी गटाचे ४१ टक्के आणि ए गटाचे १९ टक्के. पश्चिमेकडून पूर्वेकडे यावे तसतसा बी वाढत जात होता. ए हा उत्तर युरोपात आणि बी हा हिंदुस्थानात स्वतंत्रपणे उगम पावला असावा, असा तर्क त्यांनी मांडला. आणि सगळी तुलना एका आकड्यात बसावी म्हणून एक निर्देशांक काढला: ए आणि एबी यांची बेरीज भागिले बी आणि एबी यांची बेरीज. इंग्रजांचा निर्देशांक ४.५, हिंदुस्थान्यांचा ०.५. त्यांनी याला ‘जैवरासायनिक वंश-निर्देशांक’ असे नाव दिले.

हिर्शफेल्ड दांपत्याने यात श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही म्हटलेले नव्हते. पण ज्या तक्त्यात इंग्रज एका टोकाला आणि हिंदी दुसऱ्या टोकाला असतो, त्याची उतरंड करायला इतरांना वेळ लागला नाही. १९२६ मध्ये जर्मन मानववंशशास्त्रज्ञ ऑटो रेखे आणि नौदलाचे डॉक्टर पाउल श्टेफान यांनी रक्तगट-संशोधनाची संस्था काढली, आणि बी गट म्हणजे पूर्वेकडून आलेली भेसळ हा तिचा सूर राहिला. हिर्शफेल्ड स्वतः ज्यू घराण्यात जन्मलेले. नाझींनी १९४१ मध्ये त्यांना वॉर्सॉच्या घेट्टोत कोंडले. तिथून ते आणि हान्ना निसटले. त्यांची एकुलती एक मुलगी लपून राहत असतानाच वारली. ज्या शास्त्राची पायाभरणी त्यांनी केली, त्याच्याच नावाने चाललेल्या वंशवेडाने त्यांचे घर उद्ध्वस्त केले. हे वाचताना मन सुन्न होते.

जपानी डॉक्टर हा निर्देशांक घेऊन कामाला लागले. त्यांच्यापुढे प्रश्न होता की युरोपने आखलेल्या या पट्टीवर आपण कुठे बसतो. आजच्या जपानमधली प्रमाणे धरली, म्हणजे ए ४० टक्के, ओ ३०, बी २० आणि एबी १०, तर हा निर्देशांक १.७ च्या आसपास येतो. युरोप आणि आशिया यांच्या मधोमध. १९२२ मध्ये जपानच्या ताब्यातल्या कोरियात किरिहारा आणि बेक इन-जे या दोघांनी जपानी व कोरियन लोकांचे निर्देशांक काढून त्यांतला फरक प्रसिद्ध केला. युरोपने आशियाला ज्या मापाने मोजले, त्याच मापाने जपान आपल्या वसाहतीला मोजू लागला होता.

स्वभावाचा धागा मात्र आधीच जुळला होता, आणि तोही हायडेलबर्गमार्गे. हारा किमाता नावाचे डॉक्टर फॉन डुंगर्न यांच्याकडे शिकून नागानोला परतले होते. १९१६ मध्ये त्यांनी आणि कोबायाशी साकाए यांनी स्थानिक लोकांच्या रक्तगटांवर एक लेख लिहिला. लेख शुद्ध वैद्यकीय होता. पण त्यात जाता जाता दोन भावांचा उल्लेख आला: ए गटाचा भाऊ शांत, अभ्यासात वरचा, बी गटाचा भाऊ त्याच्या उलट. हारा यांनी त्यातून कोणताही नियम काढला नाही. फक्त तेव्हापासून असा प्रश्न विचारता येतो, हे जपानी वैद्यकाला ठाऊक झाले. १९२६ मध्ये दोन लष्करी डॉक्टरांनी सैनिकांचे रक्तगट आणि त्यांची वर्तणूक यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. पुढच्या वर्षी फुरुकावांचा लेख आला.

फुरुकावांना खोटारडे किंवा भोंदू ठरवणे मला मान्य नाही. ते तळमळीचे शिक्षक होते. त्यांनी आपली माहिती, आपली पद्धत, आपले तक्ते सगळ्यांपुढे ठेवले, इतरांनी तपासून पाहावे म्हणून. चूक पद्धतीतच होती. ज्यांना आपण रोज पाहतो त्या अकरा माणसांवरून जो साचा मनात तयार होतो, त्यात पुढची शेकडो माणसे आपोआप बसू लागतात. आणि स्वतःच्या स्वभावाविषयी माणूस प्रश्नावलीत जे लिहितो ते त्याला स्वतःविषयी काय वाटते तेवढेच सांगते.

पण सिद्धान्त एकदा वर्गाबाहेर पडला की तो कुणाच्या हाती जाईल हे कर्त्याच्या हातात राहत नाही. इथे तर कर्ताच त्याला वर्गाबाहेर घेऊन गेला. फुरुकावांनी ओ आणि बी यांची बेरीज भागिले ए आणि एबी यांची बेरीज असा आपला निर्देशांक काढला आणि तो राष्ट्रांना लावू लागले. १९३० च्या ऑक्टोबरात तैवानमधल्या मुशा येथे सेदिक आदिवासींनी जपानी सत्तेविरुद्ध उठाव केला. शाळेच्या क्रीडामेळाव्यात घातलेल्या त्या छाप्यात १३४ जपानी मारले गेले, आणि त्याचा सूड जपानी फौजेने निर्दयपणे घेतला. वेठबिगार, जंगले ओरबाडणे, स्त्रियांचा छळ ही कारणे डोळ्यांपुढे असताना फुरुकावांनी तैवानी लोकांच्या रक्तात उत्तर शोधले. उत्तर जपानमधल्या ऐनू आदिवासींच्या तुलनेत तैवानात ओ गट फार, म्हणून बंडखोरी फार, असा त्यांचा निष्कर्ष. ओ गटाचे प्रमाण घटावे यासाठी तैवानी लोकांचे जपान्यांशी लग्नसंबंध वाढवावेत, हेही त्यांनी सुचवले. मुलींना न्याय मिळावा म्हणून जो शोध सुरू झाला, तो तीन-चार वर्षांत एका जमातीचे रक्त पातळ करण्याच्या सूचनेपर्यंत आला. या इतिहासातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट माझ्या मते हीच आहे.

जपानी शास्त्रज्ञांनी हे मुकाट्याने स्वीकारले असे मात्र नाही. कानाझावाचे फुरुहाता तानेमोतो हे रक्तगटांच्या आनुवंशिकतेवर स्वतंत्र काम केलेले मोठे न्यायवैद्यक तज्ज्ञ. त्यांनी आणि इतरांनी तपासण्या करून पाहिल्या. फुरुकावांचे निकाल पुन्हा मिळेनात. १९३३ मध्ये न्यायवैद्यक परिषदेच्या अधिवेशनात या सिद्धान्तावर कडक चर्चा झाली आणि तो निराधार ठरला. आदल्याच वर्षी फुरुकावांचा ‘रक्तगट आणि स्वभाव’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. १९४० मध्ये ते वारले. त्यानंतर महायुद्ध, पराभव, भूक आणि पुनर्बांधणी या रेट्यात त्यांचे नावही विस्मरणात गेले.

ते परत आणले नोमी मासाहिको यांनी. नोमी लेखक आणि पत्रकार होते, वैद्यकाचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. १९७१ मध्ये त्यांचे ‘रक्तगटावरून कळणारी जुळवण’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक निघाले आणि तडाखेबंद खपले. फुरुकावांच्या लिखाणाला परीक्षांचा आणि साम्राज्याचा वास होता. नोमींनी विषय प्रेम, लग्न, मैत्री आणि कचेरी यांकडे वळवला. जपान तेव्हा सुबत्तेत शिरत होता. खेड्यातून शहरात आलेली, मोठ्या कंपन्यांत अनोळखी माणसांबरोबर दिवस काढणारी तरुण मंडळी एकमेकांना ओळखण्याचा सोपा मार्ग शोधत होती. रक्तगट बहुतेकांना ठाऊक असे, विचारण्यात अवघडलेपण नव्हते, आणि बोलणे सुरू होई. नोमी आपल्या पुस्तकांत वाचकांसाठी पत्रके घालत आणि भरून आलेल्या पत्रकांवरून पुढचे पुस्तक लिहीत. राजकारणी, खेळाडू, नट यांचे रक्तगट गोळा करून ते मांडत. पण रक्तगटावर विश्वास असलेलाच वाचक पुस्तक विकत घेतो आणि तोच पत्रक भरून पाठवतो, म्हणून त्या हजारो पत्रकांना पुरावा म्हणून काही किंमत नव्हती. १९८१ मध्ये व्याख्यान देता देताच नोमी कोसळले आणि त्यांचे निधन झाले. त्यांचे काम मुलाने, नोमी तोशिताका यांनी, पुढे २००६ पर्यंत चालवले.

ही कल्पना जपानमध्येच का फोफावली, याचे एक कारण मला तिथल्या प्रमाणांतच दिसते. दक्षिण अमेरिकेतले मूळ रहिवासी जवळजवळ सगळे ओ गटाचे आहेत. तिथे हा खेळ मांडताच येणार नाही. जपानमध्ये चारही गट सगळीकडे भेटतात आणि त्यांतला ए सर्वांत मोठा आहे. नीटनेटका, कष्टाळू, सगळ्यांना सांभाळून घेणारा, जरा काळजीखोर असे ए गटाचे जे वर्णन रूढ झाले, ते जपानी माणसाने स्वतःविषयी बाळगलेले चित्र आहे. स्वार्थी आणि लहरी ही विशेषणे पाचात एक असलेल्या बीच्या वाट्याला आली, आणि दुटप्पी, विचित्र ही विशेषणे दहात एक असलेल्या एबीच्या. बहुसंख्यांनी आपल्यासाठी चांगले राखून ठेवले. हे वर्णन खरे धरायचे तर बी गट ज्या देशात इतका मोठा आहे त्या भारताला काय म्हणायचे?

रक्तगट म्हणजे तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या साखरेच्या साखळीचे टोक. ए गटात तिथे एक साखर जोडलेली असते, बी गटात दुसरी, ओ गटात यांपैकी कोणतीच नाही. ही जोडणी करणारे जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे. १९९० मध्ये त्याची रचना उलगडली ती यामामोतो फुमिइचिरो या जपानी शास्त्रज्ञाने, अमेरिकेत सिअॅटलला काम करताना. आणि चार गटांत सगळी माणसे बसतात हेही खरे नाही, हे मुंबईत कळले. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. जगभर त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. ए किंवा बीची साखर ज्या पायावर चढते तो पायाच या माणसांत नसतो. नेहमीच्या तपासणीत ती ओ गटाची वाटतात, पण त्यांना ओ गटाचे रक्त दिले तर जिवावर बेतते. भारतात दहा हजारांत एखादा माणूस असा असतो. स्वभावाच्या तक्त्यात त्याला ओचा रकाना मिळेल, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर तोच रकाना त्याचा घात करेल.

आपल्याकडे हा विषय स्वभावापेक्षा लग्नाच्या अंगाने आला आहे. स्थळांच्या माहितीपत्रकात उंची, शिक्षण, रास यांच्या जोडीला रक्तगटाचा रकाना असतो, आणि पत्रिकेतली एकनाडी म्हणजे एकच रक्तगट, म्हणून मुलांना धोका, असे कितीतरी घरांत सांगितले जाते. नाडी ठरते नक्षत्रावरून आणि रक्तगट ठरतो आईबापांच्या जनुकांवरून. दोहोंचा काडीचा संबंध नाही. नवराबायकोचा ए, बी, ओ गट एकच असण्याने बाळाला काहीही होत नाही. डॉक्टरांना सांगायला हवे ते एवढेच की आई आरएच निगेटिव्ह आहे का आणि बाप पॉझिटिव्ह आहे का, आणि त्यावरही आता इंजेक्शनचा सोपा इलाज आहे. केवळ या गैरसमजापायी चांगली स्थळे मोडली जाऊ नयेत, असे मला कळकळीने वाटते.

जपानमध्ये या कल्पनेला सर्वांत मोठा ऊत आला तो २००४ साली. त्या एका वर्षात दूरचित्रवाणीवर रक्तगटांविषयीचे सुमारे ७० कार्यक्रम झाले. काही कार्यक्रमांत लहान मुलांना गटांप्रमाणे वेगळे करून त्यांच्या वागण्याचे ‘प्रयोग’ दाखवले गेले. तक्रारी इतक्या आल्या की प्रसारणातील नीतिमत्तेवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने डिसेंबरमध्ये वाहिन्यांना असे कार्यक्रम आवरण्याची विनंती केली. रक्तगटावरून छळणे याला ‘बुराहारा’ असा शब्द तोवर बोलीत रुळला होता. दक्षिण कोरियातही ही लाट पोहोचली होती. २००५ मध्ये तिथे ‘माझा प्रियकर बी गटाचा’ अशा नावाचा चित्रपट निघाला. २००८ मध्ये जपानच्या वर्षभरातल्या सर्वाधिक खपाच्या दहा पुस्तकांत चार पुस्तके एकाच मालिकेची होती, प्रत्येक रक्तगटाला एक. आणि २०११ च्या जुलैत, त्सुनामीनंतरच्या पुनर्बांधणीचे मंत्री मात्सुमोतो र्यू उद्ध्वस्त प्रांतांच्या राज्यपालांशी उर्मटपणे बोलले. सारवासारव करताना त्यांनी आपण क्युशूचे आणि बी गटाचे, म्हणून बोलणे तोडून टाकल्यासारखे होते, असे सांगितले. पदावर येऊन जेमतेम आठवडा झाला होता. त्यांना राजीनामा द्यावा लागला. हजारो माणसे गमावलेल्या लोकांसमोर जबाबदार मंत्र्याला हे कारण पुरेसे वाटले, यावरून ही कल्पना किती खोल रुजली होती ते कळते.

या काळात मानसशास्त्रज्ञ स्वस्थ बसले नव्हते. मात्सुई युताका यांनी १९९१ मध्ये १९८० च्या दशकातल्या चार देशव्यापी पाहण्यांमधली ११,००० हून अधिक लोकांची उत्तरे तपासली; एका वर्षी दिसलेला फरक दुसऱ्या वर्षी टिकत नव्हता. तैवान, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातल्या तपासण्यांतही संबंध आढळला नाही. २०१४ मध्ये नावाता केंगो यांनी जपान आणि अमेरिका मिळून १०,००० हून अधिक लोकांची माहिती घेतली. ६८ प्रश्नांपैकी ६५ मध्ये गटांगटांत काहीच फरक नव्हता, आणि उरलेल्या तिन्हींमधला फरक इतका क्षुल्लक होता की त्याला अर्थ नव्हता. त्यांचा लेख ‘शिनरिगाकु केनक्यू’मध्येच आला, फुरुकावांच्या लेखानंतर ८७ वर्षांनी.

याहून मोलाचे काम मला यामाझाकी केंजी आणि साकामोतो आकिरा यांचे वाटते. १९७८ ते १९८८ या दशकातली तीस हजारांहून अधिक लोकांची उत्तरे त्यांनी वर्षांच्या क्रमाने लावली. पुस्तकांची लाट जशी वाढत गेली तसतसे लोक स्वतःचे वर्णन आपापल्या गटाच्या ठरलेल्या साच्याप्रमाणे करू लागले, असे त्यांना आढळले. रक्तात जे नव्हते ते पुस्तकांतून आणि पडद्यावरून मनात उतरत होते. वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षापासून ‘तू बी गटाचा, तू हट्टीच असणार’ असे ऐकत वाढलेला मुलगा मोठेपणी प्रश्नावलीत स्वतःला हट्टी लिहितो, आणि त्याच उत्तराचा आधार घेऊन पुढचे पुस्तक निघते. नोकरीसाठी आलेल्या उमेदवाराला रक्तगट विचारू नका, त्याच्या कामाशी त्याचा संबंध नाही, असे जपानच्या कामगार खात्याला मालकांना सांगावे लागले आहे.